वाहन बेडूक, चित्र ढगाचं

मोबाइलवर हवामान दाखवणाऱ्या कुठल्याही ॲपच्या पोटात एक साधा तक्ता असतो. एका रकान्यात आभाळाच्या अवस्थेचा क्रमांक आणि तिचं वर्णन, दुसऱ्या रकान्यात त्या वर्णनासमोर दाखवायचं चित्र. अवस्था पुष्कळ आणि चित्रं मोजकी, त्यामुळे अनेक वर्णनं एकाच चित्राच्या वाट्याला येतात. ओपनवेदर ही सेवा जगभरच्या असंख्य ॲपना हवामानाची माहिती पुरवते. तिच्या तक्त्यात ५०० हा क्रमांक हलक्या पावसाचा आहे आणि ५०४ हा अतितीव्र पावसाचा. मधले तीन चढत्या जोराचे. या पाचही अवस्थांना चित्र मात्र एकच: ढग, त्याच्यामागून डोकावणारा सूर्य आणि खाली थेंब. परंड्याच्या माळावर जेमतेम धूळ बसवणारी भुरभुर आणि सीना नदीला पात्राबाहेर काढणारा पाऊस, दोन्हींची पडद्यावरची खूण सारखीच. याला चूक म्हणणं घाईचं होईल. ज्याने हे चित्र नेमलं त्याच्यासमोर शहरातला माणूस होता आणि त्या माणसाचा प्रश्न होता, बाहेर पडताना छत्री घ्यावी का. तेवढ्यापुरतं ५०० आणि ५०४ यांचं उत्तर एकच आहे. आभाळाला खूण नेमण्याचा उद्योग संगणकाने सुरू केलेला नाही. तो फार जुना आहे. धाराशिव जिल्ह्यासारख्या पावसाच्या भरवशावर आणि पावसाच्याच धाकात जगणाऱ्या मुलखात त्याचा इतिहास तपासला तर असं दिसतं, की प्रत्येक काळात खूण ठरवताना आभाळाकडे कमी पाहिलं गेलं आणि विचारणाऱ्याच्या प्रश्नाकडे जास्त.

आधी मुलूख. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम आणि परंडा असे आठ तालुके, क्षेत्र सुमारे साडेसात हजार चौरस किलोमीटर, मधून गेलेली बालाघाटाची रांग. वर्षाचा सरासरी पाऊस साधारण साडेसातशे मिलिमीटर, पण तो सगळीकडे सारखा नाही. पश्चिमेच्या भूम-परंड्याकडे कमी, पूर्वेला उमरग्याकडे त्याहून बरा. सह्याद्रीने पश्चिमेचा पाऊस अडवलेला आणि बंगालच्या उपसागरावरचा पाऊस इथवर येईतो थकलेला, अशा दोन्हीकडून उरलेल्या पाण्यावर हा जिल्हा जगतो. इथे पावसाबद्दलचा पहिला प्रश्न छत्रीचा नसतो. पेरू का, थांबू का, पेरलेलं मोडू का, असे ते प्रश्न असतात.

या प्रश्नांसाठी मराठी माणसाने वापरलेला एक तक्ता म्हणजे पंचांगातली पावसाची वाहनं. मृगापासून स्वातीपर्यंत सूर्य ज्या नक्षत्रात शिरेल त्या प्रत्येकाला एक वाहन मिळतं. घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती अशी ती नऊ. सूर्याने नक्षत्र बदललं तेव्हा चंद्र कुठल्या नक्षत्रात आहे ते पाहायचं, सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं आणि आलेल्या संख्येला नवाने भागायचं. बाकी एक उरली तर घोडा, दोन उरली तर कोल्हा, काहीच उरलं नाही तर हत्ती. पंचांगापंचांगात अर्थ थोडाफार बदलतो, पण सर्वसाधारण वाचन असं: बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस भरपूर, मोर, उंदीर, गाढव आले की मध्यम, कोल्हा किंवा मेंढा आला की पाऊस ओढ देणार, आणि घोडा आला की डोंगराकडे पडणार. शेजारच्या सोलापुरातून निघणारं दाते पंचांग असो की १९७३ पासून घरोघरच्या भिंतीवर आलेलं कालनिर्णय, मृग लागायच्या सुमाराला माणसं ‘यंदा वाहन काय’ हे पाहतात, आणि वर्तमानपत्रंही ते छापतात.

या यादीकडे चिन्हपद्धती म्हणून पाहिलं तर ती फार विचाराने केलेली वाटते. बेडूक आणि म्हैस पाण्यात रमणारे, हत्ती आकारानेच मोठा, मेंढराला पाऊस मानवत नाही हे धनगराला सांगावं लागत नाही, आणि कोल्ह्याच्या भरवशावर कोणी राहत नाही. चित्र डोळ्यांसमोर आलं की अर्थ आपोआप येतो. अक्षरओळख लागत नाही. त्याहून महत्त्वाचा आहे तो घोडा. बाकीची वाहनं किती पडेल ते सांगतात, घोडा कुठे पडेल ते सांगतो. म्हणजे नऊ चित्रांच्या या छोट्या संचात पावसाचं मान आणि पावसाचं ठिकाण अशा दोन वेगळ्या गोष्टी बसवलेल्या आहेत. ज्याने ही यादी केली त्याला माहीत होतं, की शेतकऱ्याचा प्रश्न दुहेरी असतो. नुसतं ‘पडेल’ म्हणून भागत नाही. माझ्या शिवारात पडेल का, हे कळायला हवं. आजच्या ढग-थेंबाच्या चित्रात पहिल्या प्रश्नाचं अर्धंमुर्धं उत्तर असतं, दुसऱ्याचं मुळीच नसतं.

यावर पहिला आक्षेप उघड आहे आणि तो बरोबरही आहे: ही अंधश्रद्धा झाली, हिला हवामानाच्या इतिहासात जागा कशाला? भाकीत म्हणून वाहनांची किंमत शून्य आहे, आणि हे सिद्ध करायला वेधशाळा लागत नाही, पंचांगाचंच गणित पुरतं. नक्षत्रं सत्तावीस, वाहनं नऊ. सत्तावीसला नवाने पूर्ण भाग जातो, तेव्हा लांब पल्ल्यात प्रत्येक वाहनाची पाळी जवळजवळ सारख्याच वेळा येणार. हत्तीची शक्यता आर्द्रेला जेवढी तेवढीच स्वातीला, आणि कोकणातल्या राजापूरला जी म्हैस तीच त्याच दिवशी परंड्याला. ज्या गणितात राजापूर आणि परंडा यांचा फरक शिरूच शकत नाही, ते गणित पावसाबद्दल काही सांगत नाही. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत वासराच्या हालचालींवरून होणारी भाकणूक किंवा बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची अक्षय्य तृतीयेची घटमांडणी यांनाही हेच लागू. पण भाकीत वेगळं आणि भाकीत लिहायची लिपी वेगळी. खोटी बातमी छापली म्हणून टाइप वाईट ठरत नाही. वाहनांचं गणित टाकून द्यावं. नऊ चित्रांत मान आणि ठिकाण दोन्ही सांगण्याची हातोटी मात्र तपासण्यासारखी आहे, कारण नंतर आलेल्या पुष्कळ शास्त्रीय तक्त्यांना ती साधलेली नाही.

शिवाय वाहनावर विसंबून पेरणारा कुणबी या मुलखात फार दिवस तगला नसता. पंचांग ऐकलं जाई, पण तिफण जुंपण्याचा निर्णय रानात उभं राहून, मातीत हात घालून होई. त्या निर्णयाची भाषा पंचांगात नाही, बोलीत आहे. आणि या विषयातला खरा ऐवज तीच आहे. नक्षत्रांच्या पावसांना बोलीने माणसांची नावं दिली: पुनर्वसूचा तो तरणा, पुष्याचा तो म्हातारा, मघाचा सासूचा, पूर्वाचा सुनांचा. हस्ताचा पाऊस तर सरळ हत्तीच झाला, आणि हादग्याच्या पाटावर मुली काढत आल्या तो हत्ती याच नक्षत्राचा. धाराशिवसारख्या शाळूच्या मुलखात उत्तरा आणि हस्त यांचं वजन मृगाइतकंच, काही गावांत त्याहून जास्त, कारण रब्बीची ज्वारी त्या ओलीवर उभी राहते. मराठी दप्तरांतलं सुहूर सनाचं वर्षही सूर्य मृगात शिरला की बदलत असे, म्हणून त्याला मृगसाल म्हणत. काळ मोजायची सुरुवातच पेरणीच्या प्रश्नापासून. निजामाच्या सरकारी फसली सनात वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून लागे. १८५३ मध्ये नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या हाती गेला, मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने काही वर्षं त्याचा कारभार पाहिला, १८६० मध्ये तो परत निजामाकडे आला; कचेरीतले महिने आणि अंमलदार बदलत राहिले, रानातली नक्षत्रं तीच राहिली.

पावसाच्या प्रकारांसाठी बोलीत किती शब्द आहेत याचं कौतुक नेहमी होतं. नुसत्या संख्येत विशेष काही नाही. ते शब्द कशावरून वेगळे केले आहेत हे पाहायला हवं. भुरभुर, रिमझिम, रिपरिप, सर, झड, वळीव हे शब्द जोर, सातत्य आणि वेळ सांगतात. ‘भीज पाऊस’ हा शब्द मात्र आभाळाबद्दल नाहीच, तो जमिनीबद्दल आहे: वाहून न जाता मुरलेला, मातीला आतपर्यंत भिजवणारा पाऊस. तेवढेच मिलिमीटर अर्ध्या तासात कोसळले तर त्याला कोणी भीज पाऊस म्हणणार नाही. ओढा वाहील, रान कोरडंच राहील. ‘पेरणीजोगा’ हे तर सरळ कामावरूनच पडलेलं नाव. आणि ‘वाफसा’ हा शब्द पाऊस पडून गेल्यानंतरच्या त्या दिवसांचा, जेव्हा मातीत ओल असते, हवाही खेळत असते आणि अवजार चालतं. काळ्या रानात वाफसा उशिरा येतो, बरड रानात लवकर येतो आणि लवकर मोडतो. एकाच गावात, एकाच पावसानंतर दोन बांधांवर दोन वेगळ्या अवस्था.

पाऊस नसण्यालाही या भाषेत एकच नाव नाही. आठ दिवसांच्या झडीनंतर ऊन पडलं तर ती उघडीप. तिची वाट पाहिलेली असते, कारण तण माजलेलं असतं आणि कोळपं-खुरपं अडलेलं असतं. उगवून आलेल्या सोयाबीनवर पंधरा-वीस दिवस तसंच ऊन पडत राहिलं तर ती ओढ, तो खंड. पानं माना टाकतात आणि दुबार पेरणीचे हिशेब सुरू होतात. दोन्ही दिवशी आभाळ तेच, निळं. पडद्यावरचं चित्रही तेच, हसरा पिवळा सूर्य. चित्राला कालचं काही आठवत नाही. ‘खंड’ या शब्दात मात्र मागचे तीन आठवडे सामावलेले असतात. खुणेला स्मृती असावी का, हा प्रश्न दिसतो तेवढा हवेतला नाही. पीकविम्याच्या मध्यहंगाम नुकसानीत सलग २१ दिवसांच्या खंडाचा निकष आला, तेव्हा शासनव्यवहारानेही हा बोलीतला शब्द उचलला आणि त्याला आकडा जोडला. रानातल्या प्रश्नाचं उत्तर देणं भाग पडलं की खुणेला मागचे दिवस मोजावेच लागतात.

खुणेला स्मृती असण्याचं एक दगडी उदाहरण याच जिल्ह्यात उभं आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, मीर इमादीनने बांध घातला आणि त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला. पाणी पुरेसं चढलं की नर आणि मादी या दोन वाटांनी ते खाली कोसळतं. आज लोक ते पाहायला गर्दी करतात, पण नीट पाहिलं तर ती चारशे वर्षांपासूनची एक खूण आहे. ती त्या दिवशी नळदुर्गात पाऊस आहे का हे सांगत नाही. बोरीच्या वरच्या खोऱ्यात आतापर्यंत किती साठलं ते सांगते. पाटबंधाऱ्याच्या भाषेत धरणाचं पाणी ‘जोत्याखाली’ गेलं म्हणतात तो शब्द याच जातीचा: एका दिवसाच्या आभाळाचा नाही, साऱ्या हंगामाचा.

विलायतेत चिन्हं घडली ती वेगळ्या प्रश्नांतून. १७७१ मध्ये योहान हाइनरिश लाम्बर्ट या गणितज्ञाने हवामानाच्या नोंदींसाठी चिन्हं सुचवली. १८०६ मध्ये फ्रान्सिस ब्यूफोर्ट या नाविक अधिकाऱ्याने आपल्या नोंदवहीत आभाळाच्या प्रत्येक अवस्थेला एकेक अक्षर दिलं. त्याचा प्रश्न गलबताचा होता. तारायंत्र आल्यावर एका वेळी शेकडो गावांचं आभाळ एका नकाशावर मांडणं शक्य झालं आणि मग सगळ्या देशांची चिन्हं सारखी असण्याची निकड भासली. १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तशी चिन्हं ठरली. दोनच वर्षांनी, १८७५ मध्ये, भारतीय हवामान खातं निघालं. त्यामागे १८६४ चं कलकत्त्याचं वादळ होतं आणि त्यानंतरचे दुष्काळ होते. खात्याचं मुख्यालय कलकत्त्याहून सिमल्याला, तिथून १९२८ मध्ये पुण्याला आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेलं. या परंपरेतून आलेल्या, आजही जगभर चालणाऱ्या चालू हवामानाच्या यादीत ०० ते ९९ अशा शंभर अवस्था आहेत. सतत पडणाऱ्या हलक्या पावसाला आडवे दोन ठिपके, मध्यमाला तीन, जोराच्या पावसाला चार. थांबून थांबून पडणाऱ्याला हलक्यासाठी एक ठिपका आणि जोर वाढेल तसे एकाखाली एक. रिपरिप आणि संततधार यांतला फरक ठिपक्यांच्या मांडणीत आणणारी ही लिपी उत्तमच म्हटली पाहिजे. तिच्यात थोडी स्मृतीसुद्धा आहे: २० ते २९ हे क्रमांक आता थांबलेल्या, पण मागच्या तासात होऊन गेलेल्या गोष्टींसाठी राखलेले आहेत. एक तास. पुण्याच्या वेधशाळेत नकाशा भरणाऱ्याला तेवढा पुरतो, कळंबच्या शेतकऱ्याला पुरत नाही. दोघांत शहाणं कोण हा वाद इथे नाही. एकाला उद्या वारा कुठून येईल ते हवं आहे, दुसऱ्याला उद्या कुळव चालेल का ते.

मोजणीची गोष्टही अशीच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी पाऊस मोजायचं भांडं ठेवायला सांगितलं आहे आणि कुठल्या प्रदेशात किती द्रोण पाऊस पडतो ते दिलं आहे. अपरांत म्हणजे कोकणपट्टीचा पाऊस तिथे अपरिमित आहे. गोदावरीकाठचा म्हणून ओळखला जाणारा अश्मक मात्र अवंतीच्या बराच खाली. हे आकडे शेतीचा अधिकारी सीताध्यक्ष याच्या प्रकरणात येतात, म्हणजे प्रश्न पेरणीचा आणि सरकारी धान्याचा. तहसील कचेरीच्या आवारातलं पर्जन्यमापक त्याच घराण्यातलं. त्याच्या नरसाळ्याचं तोंड १२७ मिलिमीटर रुंद, एका थाळीहून लहान, आणि रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी मोजलं जातं. साडेआठ ते साडेआठ हा पावसाचा सरकारी दिवस. रात्री पडलेला पाऊस दुसऱ्या तारखेच्या नावावर चढतो, आणि दिवसभरात अडीच मिलिमीटर भरले तरच तो दिवस पावसाचा ठरतो. एका थाळीएवढ्या तोंडाने साऱ्या तालुक्याच्या वतीने बोलायचं, ही व्यवस्था पिढ्यान् पिढ्या चालली.

आकड्याला शब्द जोडला की प्रश्न बदलतो, कारण आता विचारणारा खजिना असतो. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे हवामान खात्याच्या लेखी जोरदार पाऊस. महसूल खात्याच्या लेखी ६५ मिलिमीटरला अतिवृष्टी. हे दोन आकडे जवळपास एकच, पण दुसऱ्या शब्दामागे पंचनामा आणि मदत आहे. पिकाची पैसेवारी, जिला जुनी माणसं अजून आणेवारीच म्हणतात, पन्नासच्या खाली गेली की गाव टंचाईग्रस्तांच्या यादीकडे सरकतं. सरकारी कागदांत ‘टंचाई’, ‘दुष्काळसदृश’ आणि ‘दुष्काळ’ हे तीन शब्द वेगवेगळ्या ताकदीने वापरले गेले आहेत. २०१६ मध्ये तर हवामान खात्याने आपल्या भाषेतून दुष्काळ हा शब्दच काढला आणि ‘तुटीचं वर्ष’ म्हणायचं ठरवलं. खात्याच्या बाजूने यात तथ्य होतं: पाऊस कमी पडला हे खातं मोजू शकतं, दुष्काळ पडला की नाही हे जमीन, पीक, पाणी आणि पैसा पाहून ठरतं. पण २०१५ मध्ये मराठवाड्यात सरासरीच्या सुमारे चाळीस टक्के पाऊस कमी पडला होता आणि पुढच्याच उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. अशा वेळी शब्दकोशातली साफसफाई वाचणाऱ्याला रुचणं कठीणच. २०२० च्या खरिपात ऑक्टोबरातल्या पावसाने जिल्ह्यातलं सोयाबीन गेलं. नुकसानीची खबर ७२ तासांत द्यावी लागते ही विम्याची अट होती. तिच्यावरून पेटलेला वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. पाऊस झाला हे कोणी नाकारत नव्हतं. तो कुठल्या रकान्यात भरायचा, एवढ्यावरच भांडण होतं.

रेडिओने या सगळ्यात एक वेगळीच गंमत केली. ‘मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पाऊस पडेल’ हे वाक्य ऐकत पिढ्या वाढल्या. खात्याच्या परिभाषेत तुरळक ठिकाणी म्हणजे एकूण केंद्रांपैकी चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी, काही ठिकाणी म्हणजे अर्ध्यापर्यंत, आणि असंच वर. हा शब्द पसाऱ्याचा आहे, जोराचा नाही. ऐकणाऱ्याने मात्र तुरळक म्हणजे किरकोळ असा अर्थ घेतला, आणि मग ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ ऐकल्यावर हसला. हसण्यात दोष त्याचा नव्हता. पंचांगातल्या घोड्याने ठिकाणाची जी बाजू एका चित्रात सांगितली होती, तिला परिभाषेत स्वतंत्र शब्द मिळाला, पण तो असा निवडला गेला की पुन्हा मानाकडेच वाकला. ॲपच्या तक्त्यात तर ही बाजू चित्राला जोडलेलीच नाही; थेंबांखाली टक्क्यांत एक आकडा येतो आणि त्याचा अर्थ ज्याने त्याने लावायचा.

आजच्या चित्रांचा मूळपुरुष शोधायचा तर १९७५ मधल्या बीबीसीच्या दूरचित्रवाणीकडे जावं लागेल. मार्क ॲलन या कलाविद्यार्थ्याने केलेली ढगांची, थेंबांची आणि सूर्याची लोहचुंबकी चिन्हं त्या वर्षी नकाशावर चिकटू लागली. तोवर नकाशावर हवामानशास्त्रज्ञांची लिपी होती आणि ती घरात बसलेल्याला कळत नव्हती. हे चित्र सोपं झालं ते इंग्लंडमधल्या प्रेक्षकासाठी, जिथे सूर्य दिसणं ही आनंदाची बातमी असते. तोच आनंदी सूर्य पुढे संगणकात, संगणकातून मोबाइलमध्ये आणि मोबाइलमधून भूमच्या बाजारात आला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा भाव कोणी तपासला नाही. मेमध्ये पारा चाळिशीपार असताना आणि जुलैत खंड पडलेला असतानाही तो तसाच प्रसन्न असतो. खाली ‘अंशतः ढगाळ’ असं शुद्ध मराठी असतं. भाषांतर शब्दांचं झालं, चित्रांचं राहून गेलं.

इथे जाणकार माणूस दोन गोष्टी म्हणेल. एक, चित्रं सगळ्या जगासाठी आहेत. प्रत्येक जिल्ह्याचा वेगळा तक्ता करत बसलं तर कोणालाच काही कळणार नाही. दुसरी, वाफशासाठी चित्र काढता येत नाही, कारण ती आभाळाची अवस्था नाही. पहिल्या मुद्द्यात जोर आहे, पण तो नोंदीपुरता. केंद्रांनी एकमेकांना पाठवायच्या नोंदी एकाच लिपीत हव्यात. व्हिएन्नाची गरज खरीच होती. नोंद एका लिपीत असली तरी तिची वाचकाला दाखवायची खूण वेगळी असू शकते. संगणकात हे दोन रकाने मुळातच वेगळे ठेवलेले आहेत, आणि डावा रकाना न हलवता उजवा बदलणं ही या तक्त्याची सर्वांत सोपी गोष्ट. दुसरा मुद्दा अर्धा बरोबर आहे. वाफसा आभाळाकडे पाहून कळत नाही. त्याला मागच्या दिवसांचा पाऊस, ऊन आणि मातीची जात हे तिन्ही लागतात. पण पावसाचे आकडे रोज साठतात, मातीचे नकाशे आहेत, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठातून मराठवाड्यासाठी निघणारे हवामान सल्ले फवारणी केव्हा करावी आणि काढणी केव्हा उरकावी हे सांगतच असतात. म्हणजे उत्तर तयार होतं. ते परिच्छेदात राहतं, चित्रापर्यंत येत नाही. पिवळा, नारिंगी, लाल या इशाऱ्यांच्या रंगांनी एक पाऊल पुढे टाकलं आहे. रंग आभाळाचं वर्णन करत नाही, आता काय करायला हवं ते सांगतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲपही ‘वीज पडेल का’ या नेमक्या एका प्रश्नासाठी आहे, आणि म्हणूनच त्याची खूण वाचायला कोणाला शिकावं लागत नाही.

जुन्या शब्दांची ही आठवण काढणं म्हणजे गतकाळाचे गोडवे गाणं, असंही कोणी म्हणेल. बोलीतले शब्द गावागावात बदलतात, त्यांना आकड्यांचा आधार नाही, हे खरं. पण आकड्यांच्या हद्दीही माणसांनीच आखलेल्या आहेत आणि त्या वेळोवेळी हललेल्या आहेत. वाहनं परत आणावीत असं इथे सुचवायचं नाही. गाढवाचं चित्र आलं की तुळजापूरचा तरुण शेतकरी हसेलच, आणि त्याने हसावंही.

राज्यात महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभारण्याचं महावेधचं काम २०१७ मध्ये सुरू झालं. तालुक्याच्या एका नरसाळ्याऐवजी आता मंडळाचं यंत्र बोलतं. अंतर कमी झालं, प्रश्न राहिला. मंडळाच्या यंत्रावर ६५ भरले की साऱ्या मंडळात अतिवृष्टी. यंत्रापासून दोन कोसांवर बांध फुटले आणि यंत्रावर चाळीसच पडले, तर कागदावर तिथे काही झालेलं नसतं. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा आणि भूम तालुक्यांत पाण्याने वेढलेल्या माणसांना सोडवायला पथकं आणि हेलिकॉप्टर आणावं लागलं, तेव्हा यंत्र कुठे आहे हे विचारायची वेळच नव्हती. पण एरवीच्या वर्षी, साध्या वळवात, हाच वाद गावोगाव होतो. शंभर अवस्थांच्या त्या आंतरराष्ट्रीय यादीत या प्रसंगासाठी दोन क्रमांक आहेत. १५ म्हणजे पाऊस जमिनीवर पडताना दिसतो आहे, पण लांब, पाच किलोमीटरच्या पलीकडे. १६ म्हणजे जवळ पडतो आहे, पण केंद्रावर नाही. दोन्हींची खूण एक ठिपका आणि दोन कंस: लांब असेल तर कंस ठिपक्याकडे पाठ करून उभे, जवळ असेल तर त्याला कवेत घेतलेले. पलीकडच्या शिवारात पडतोय, असं बांधावरून हात करून दाखवतात तो पाऊस हाच. स्वयंचलित यंत्राच्या नरसाळ्याला तो दिसत नाही, आणि ओपनवेदरच्या त्या तक्त्यात त्याच्यासाठी क्रमांकच नाही.